केस वाढू देऊ नका

पत्राला उत्तर देण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही! चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी दातखीळ बसते, पण कागदावर मी वाघ आहे. (वाघ जरा जास्त झालं. बोका म्हणू.) विमा कंपनीच्या छापील शुभेच्छांनासुद्धा मी स्वहस्ते आभार कळवले आहेत. तरीही मागे एका पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नाही. माझ्या वकिलाने सक्त मनाई केली होती.

माझ्या वकिलाने! हे शब्द लिहितानाही घाम फुटतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. घराबाहेर मी निर्धास्त बसतो अशी जगातली ती एकच जागा. सलूनवाला मला 'गुरुजी' म्हणतो. मी जन्मभर कारकुनी केली, पण त्याची चूक दुरुस्त करायचा धीर झाला नाही, आणि आता फार उशीर झाला आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे तो 'कसे कापू?' असं विचारत नाही. मी खुर्चीत बसतो, पुस्तक उघडतो, प्रकरण संपतं तेव्हा डोकंही तयार असतं.

त्या दिवशी प्रकरण संपण्याआधी खुर्ची संपली. कटकन आवाज झाला, पाठ मागे गेली आणि मी पुस्तकासकट उताणा, पाय छताकडे! मानेला असा हिसडा बसला की शेजारी पाहायचं तर अख्ख्या देहाला वळावं लागे. सलूनवाल्यानेच मला डॉक्टरकडे नेलं, गळ्याला पट्टा बांधून घेतला आणि घरी सोडलं. जाताना तो रडायच्या बेतात होता. मी 'काही नाही हो, काही नाही' म्हणालो, पण पट्ट्यामुळे ते भिंतीला म्हणालो.

संध्याकाळी माझा भाचा आला. तो नुकताच वकील झाला होता. ऑफिस नव्हतं, अशील नव्हतं, काळा कोट तेवढा होता.

"मामा, काय झालं नीट सांगा."

"पडलो."

"पडलात नाही! पाडलं तुम्हाला!"

"अरे, खुर्ची जुनी झाली होती..."

"म्हणजे त्याला माहीत होतं! मामी, ऐकलंस? निष्काळजीपणा! नुकसानभरपाई! मामा, तुमची केस अशी उभी करतो की बघत राहाल! माझी पहिली केस!"

त्याचे डोळे असे चमकले की माझा नकार घशातच राहिला. पट्टा नसता तर मी 'नाही' म्हणून मान तरी हलवली असती. ही म्हणते, नसती हलवली.

मग सुरू झाली कागदपत्रांची जमवाजमव. डॉक्टरचा दाखला झाला. फोटो झाले.

"मामा, चेहऱ्यावर जरा वेदना आणा."

"वेदना आहेतच रे. हा चेहरा त्यांचाच आहे."

"लग्नाच्या फोटोतही ते असेच दिसतात," ही आतून म्हणाली.

शेवटी सलूनवाल्याला नोटीस गेली. चांगली जाडजूड! भाच्याला ऑफिस नसल्याने पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आमचा घातला.

दुसऱ्याच दिवशी सलूनवाल्याचं कार्ड आलं. भाच्याने ते माझ्या हातातून ओढून मोठ्याने वाचलं.

"'गुरुजी, केस वाढू देऊ नका. मग फार त्रास होतो. एकदा समोर येऊन बसा, दहा मिनिटांत उरकून टाकतो.' मामा! ही धमकी आहे!"

"अरे, पण तो तसा..."

"केस वाढू देऊ नका! त्रास होईल! उरकून टाकतो! आणखी काय लिहायला हवं? या पत्राला उत्तर द्यायचं नाही. त्या सलूनकडे फिरकायचं नाही. हे पत्र पुरावा आहे!"

कार्ड फायलीत गेलं आणि माझे केस वाढू लागले. माथ्यावर तसं काही उरलेलं नाही, पण कानांवर आणि मानेवर जे होतं त्याने चंगच बांधला. आरशात मी एखाद्या उसवलेल्या उशीसारखा दिसू लागलो. शेवटी पलीकडच्या चौकातल्या चकचकीत सलूनमध्ये गेलो.

"काका, कसे कापू?" तिथल्या तरुणाने विचारलं.

झालं! दातखीळ!

"कडेने बारीक? वर ठेवू? मागून गोल की चौकोनी?"

"तुम्हाला... योग्य वाटेल ते," मी म्हणालो. तो आत फोटोंचं पुस्तक आणायला गेला. मी उठलो आणि गळ्यात त्याची चादर तशीच ठेवून घरी आलो. चादर नंतर हिने परत केली.

भाचा भडकला. "पुरावा नष्ट करायला निघाला होतात? मानेमुळे केससुद्धा कापता येत नाहीत, हे कोर्टाला दिसायला नको? मामा, हे केस हीच आपली केस आहे!"

शेवटी दावा दाखल करायचा दिवस उजाडला. कोर्टाच्या खिडकीशी लांबलचक रांग होती. आमचा नंबर आला. आतल्या कारकुनाने वर न पाहता विचारलं, "केस कोणाची?"

माझा हात आपसूक डोक्याकडे गेला. "माझेच आहेत. जरा वाढलेत."

त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कागद चाळू लागला.

"वकीलसाहेब, वादीची मानहानी झाली म्हणता. मग हा डॉक्टरचा दाखला कशाला? अब्रूला सूज आलीय?"

"मानहानी नाही हो!" भाचा ओरडला. "मानेची हानी! टायपिस्टने जोडून टाकलं!"

मागची रांग खो खो हसली. माझी मान खाली गेली असती, पण पट्टा होता.

"दुरुस्त करून आणा," कारकून म्हणाला. "आणि मधल्या वेळात यांना कुठेतरी भादरून आणा."

घरी आलो तेव्हा ही भाजी घेऊन नुकतीच आली होती. भाचा टायपिस्टशी भांडायला गेला होता.

"सलूनवाला भेटला होता मंडईत," ही म्हणाली. "खुर्ची नवीन करून घेतलीय म्हणे. चादर घालून ठेवलीय, कोणाला बसू देत नाही. पहिल्यांदा गुरुजी बसणार म्हणतो."

मी अख्खा देह तिच्याकडे वळवला. "आणि नोटीस?"

"कसली नोटीस! 'गुरुजींचं मोठं पत्र आलंय, पानंच्या पानं असणार, अजून धीरच झाला नाही, या सोमवारी सुट्टीला सवडीने वाचीन' म्हणाला. जपून ठेवलंय पैशांच्या गल्ल्यात, न उघडता."

तिने फायलीतलं कार्ड काढून वाचलं. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग पुन्हा कार्डाकडे. आणि पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"अहो, ही धमकी? तुमची नोटीस पोचायच्या आत टाकलंय हे! बिचारा केस कापायला बोलावतोय!"

"सोमवारी तो नोटीस वाचणार," मी म्हणालो. "मग मी त्या खुर्चीत पुन्हा कसा बसू?"

"तर मग त्याआधी लिहा त्याला. भाच्याचं मी बघते. पहिली केस म्हणे! दुसरी आधी घे म्हणावं."

मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात माफीच चार पानं झाली. ती फाडली. दुसऱ्यात खुर्चीचा इतिहास आला. तोही फाडला. अखेर टपाल निघायची वेळ झाली, तेव्हा कार्डावर एवढंच लिहिलं: 'मान बरी आहे. केस मागे घेत आहे. ते मोठं पाकीट न उघडता फाडून टाका. शनिवारी येतो.' धापा टाकत कोपऱ्यावर गेलो आणि कार्ड पेटीत टाकलं.

ते तळाशी पडल्याचा आवाज आला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

नोटीस ज्याने उघडलीच नाही, त्याला कसली केस ठाऊक? इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच केसांबद्दल काही सांगितलं होतं, आणि माझा शब्द तो खाली पडू देत नाही. म्हणजे शनिवारी नव्या खुर्चीत बसवून, पाणी मारून, कानांवरचे सगळे केस तो एकूणएक मागे वळवणार, आणि आरसा धरून विचारणार, "गुरुजी, असेच ना?"

मी काय म्हणणार? 'छान' म्हणणार.