लातूर ते अंबाजोगाई, चार नंबर दाबून

जिल्हा परिषदेत उभा जन्म हेडक्लार्की केलेल्या माणसाला फोनवरून एक काम करून घेता येणार नाही, असं कुणी म्हणालं तर मला त्याची कीव येते! आमच्या घरात तसं म्हणणारं एकच माणूस आहे. आमची मंडळी, शिवकांता.

रिटायर झालो तेव्हा माझा सगळा फंड लातूरच्या एका नव्या खाजगी बँकेत ठेवला. खाउजाचा, म्हणजे खाजगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणाचा जमाना होता! बँकेत इतकी थंडी, की मॅनेजर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचा. पुढं त्याच बँकेची शाखा आमच्या गावाजवळ अंबाजोगाईला निघाली आणि शिवकांतानं टुमणं लावलं.

"जन्माची कमाई हाय. लातूरला कावून ठिवायची? अंबाजोगाईला आणा की!"

"आणतो! आन् तेबी फोनवर. बँकेनं नवी सोय केली हाय."

"पैसा काय तारेतून येतोय का?"

बायकांना उदारीकरण कळत नाही! मी तडक आमच्या युसूफ वडगावातल्या आसारामच्या एसटीडी बूथवर गेलो.

फोन लागला. एक बाई इतक्या गोड आवाजात इंग्रजी बोलू लागली, की मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "नमस्कार म्याडम," म्हणालो. बाई थांबेचना!

"सर, टेप हाय ती!" आसाराम बाहेरून ओरडला. "ती सांगल तो आकडा दाबा."

टेपनं लग्नातला आहेर पुकारावा तसे आकडे पुकारले. शेवटी म्हणाली, कर्मचारी असाल तर चार दाबा. जन्मभर आपण दुसरं काय होतो? दाबलं चार!

एक भारदस्त आवाज आला. साहेब मराठी निघाले, पण मी इंग्रजी सोडलं नाही.

"सर, आय वाँट ट्रान्सफर! फ्रॉम लातूर ब्रांच! मी श्रीशैल!"

"लातूरचे श्रीशैल? काल बोलणं झालं तेव्हा काही म्हणाला नाहीत!"

"काल बूथ बंद होता, सर."

"ट्रान्सफरचं कारण?"

"वाइफ, सर! डेली फायटिंग! लातूर नकोच म्हणते."

साहेबांचा आवाज मऊ झाला. "लातूरला काही त्रास आहे का?"

"त्रास न्हाई, पण भरवसा काय? तो स्वेटरवाला मॅनेजर एखाद्या दिवशी सगळं गिळून बसला तर?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब हळूच म्हणाले, "हे तुम्ही जबाबदारीनं बोलताय?"

"फुल रिस्पॉन्सिबिलिटी!"

"बरं. कुठं हवी ट्रान्सफर?"

"अंबाजोगाई!" तेवढ्यात लाइन पापड भाजल्यासारखी कडकडली. मी ओरडलो, "जो-गा-ई!"

"...हाटी? तिथं तर कुणीच जायला तयार नसतं!"

"आय ॲम रेडी, सर! आजच्या आज!"

"शाब्बास!" म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

बघा, असं असतं इंग्रजी! घरी येऊन शिवकांताकडून दोन वेळा चहा करून घेतला.

आठवड्यानं अंबाजोगाईची शाखा गाठली. फंडाचा पत्ता नाही! तसाच लातूरच्या एसटीत बसलो.

लातूरच्या बँकेत बघतो तर हार, पेढे आणि सगळ्यांचे चेहरे सुतकी.

"कशाचा कार्यक्रम हाय?" मी शिपायाला विचारलं.

"आमच्या श्रीशैल साहेबांची बदली झाली. गुवाहाटीला!" शिपाई कुजबुजला. "कुण्या चांडाळानं त्यांच्या नावानं वर फोन केला. स्टाफच्या लायनीवर! आमच्या मॅनेजर साहेबांनाबी चोर म्हणाला. त्यांची इन्क्वायरी लागलीय."

"मग तुमच्या साहेबांनी सांगितलं न्हाई का, फोन माझा नव्हता म्हणून?"

"लई सांगितलं. वरचे म्हणतात, मागून घेतलीत, आता कावून रडता? घरी बाईसाहेब बोलत न्हाईत. रोजची भांडणं हायत, असं तो चांडाळ बोलला म्हणे."

मला त्या थंडीत घाम फुटला. वाटलं, गुपचूप काम उरकावं आणि सुटावं. काउंटरवर गेलो. काउंटरवर गळ्यात हार घातलेले श्रीशैल साहेबच बसलेले! डोळे लालभडक.

"बोला काका, काय काम?"

"फंड... अंबाजोगाईच्या शाखेत न्यायचा होता."

"आत्ता करून देतो. जाता जाता तेवढंच पुण्य." साहेबांनी नाक पुसलं, पेन उचललं. "नाव सांगा."

मी हाराकडं बघितलं. पेनाकडं बघितलं. शिपाई माझ्याकडंच बघत होता.

"चष्मा बसमध्येच राहिला!" म्हणालो, आणि नाकावरचा चष्मा सावरत स्टँडकडं पळालो.

फंड अजून लातूरलाच आहे. शिवकांतानं विचारलं, की सांगतो, लाइन बिझी लागतेय.