नासिरच्या पाळीचं पाणी

गाडीची किल्ली पाटात पडली, तेव्हा खलफान आपल्या गावाचं कौतुक सांगण्यात रंगला होता. सकाळी त्यानं मस्कतला जहाजातून उतरलेल्या चार जर्मन पाहुण्यांना निझ्व्याच्या बाजारात बकऱ्यांचा लिलाव दाखवला, खंजिरांच्या दुकानांतून फिरवलं, हलवा खाऊ घातला आणि मग वर डोंगरात स्वतःच्या गावी, हैलला आणलं. "हे पाणी कुणासाठी थांबत नाही!" असं म्हणत त्यानं पाटावरून झोकात हात फिरवला आणि बोटात अडकवलेली किल्ली सुळकन निसटली. हरवू नये म्हणून तिला खजुराच्या झावळीचा हलका, जाडसर तुकडा बांधलेला होता. त्यामुळे ती बुडाली नाही. ऐटीत तरंगत चालू लागली.

खलफान बारा वर्षं पाहुण्यांना डोंगर दाखवत होता. त्यांच्यासमोर चूक कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"आता आपण पाण्याच्या मागोमाग जाऊ," तो हसून म्हणाला. "आमची जुनी पद्धत आहे." आणि अंगातला पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत उचलून तो पळत सुटला. सत्तरीच्या हिल्डाबाई काठी टेकत, "काय सुंदर पद्धत!" म्हणत मागून निघाल्या. बाकीचे तिघं फोटो काढत त्यांच्या मागे.

वळणावर झुवैना मावशी पातेली घासत होती.

"मावशी, किल्ली दिसली का?"

"दिसली की. तुझ्यासारखीच, सलाम न करता पुढे गेली."

"मग धरायची नाही का?"

"मला काय ठाऊक? म्हटलं, तुझ्या कार्यक्रमातच असेल."

पुढे पाटाला फाटे फुटत होते. तिथे पाटकरी झाहिरकाका सावलीच्या काठीकडे डोळे लावून बसले होते. काठीची सावली खुणेवर आली की एकाची पाण्याची पाळी संपायची, दुसऱ्याची सुरू व्हायची.

"काका, जरा पाणी बंद करा. किल्ली वाहून गेलीय, आणि यांचं जहाज सातला सुटतंय मस्कतहून."

"तुझा आजा गेला त्या दिवशीही बंद केलं नव्हतं," काका सावलीवरची नजर न काढता म्हणाले. "पाळी त्याचीच होती. जनाज्यातून उठून भांडला असता."

"बरं, आता कुणाची पाळी आहे?"

"नासिरची."

खलफानच्या तोंडचं पाणी पळालं. नासिर त्याचा चुलतभाऊ. बागेत चार गालिचे टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी विकायचा. 'नासिरची कॉफी म्हणजे वेलदोडा लांबून दाखवलेलं गरम पाणी,' असं खलफान एकदा पाहुण्यांना म्हणाला आणि ते नासिरच्या कानावर गेलं. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

नासिर बागेच्या दारातच उभा होता. मावशीचा आवाज त्याच्यापर्यंत आधीच पोहोचला होता.

"पाळीच्या पाण्यातून जे येईल ते बागवाल्याचं. काय काका?"

"बरोबर!" वरून काका ओरडले.

"किल्ली दे, नासिर. उशीर होतोय."

"आधी पाहुण्यांना बसव. कॉफी घेऊ देत. मग त्यांच्या भाषेत सांग, हैलमधली सगळ्यात चांगली कॉफी ही."

खलफाननं एकदा कलत्या उन्हाकडे बघितलं आणि पाहुण्यांना घेऊन गालिच्यावर बसला. दुःख याचं, की कॉफी खरोखर फक्कड होती. त्यानं ते दाढ उपटून घ्यावी तसं एकेक शब्द करत सांगितलं. नको असेल तर कप हलवायचा, हे सांगायचं मात्र तो विसरला. त्यामुळे नासिर ओतत राहिला आणि हिल्डाबाईंनी भिडेखातर सात कप संपवले.

"झालं ना? आण आता किल्ली."

"माझ्याकडे कुठाय?" नासिर म्हणाला. "आली तर माझी, एवढंच म्हटलं मी. आली असं कुठं म्हटलं?"

मग सहाही जण लिंबांच्या वाफ्यांत उतरले. चिखल चाचपता चाचपता शेवटी हिल्डाबाईंच्या काठीलाच किल्ली लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण किल्लीच्या पोटात पाणी गेलेलं. गाडीपाशी जाऊन खलफाननं बटण दाबलं, पुसून दाबलं, फुंकर मारून दाबलं. गाडी ढिम्म.

नासिरनं आपली जुनाट जीप आणून उभी केली.

"तू कशाला..." खलफान पुटपुटला.

"पाहुणे गावाचे आहेत. तुझ्या एकट्याचे नाहीत. बस मागे."

खलफान मागे जादाच्या चाकावर बसला. वाटभर नासिर मोडक्यातोडक्या इंग्रजीत हैलची थोरवी गात होता. म्हणे, डोंगरातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा त्याच्या पणजोबानं एकट्यानं एका हिवाळ्यात खोदल्या. म्हणे, चालून आलेलं अख्खं सैन्य गावातल्या अकरा बायकांनी बुरुजावरून लिंबं मारून पळवून लावलं. असलं काही खलफाननं जन्मात ऐकलं नव्हतं.

पावणेसातला बंदर आलं. उतरताना हिल्डाबाई वळल्या. "तुम्ही दिवसभर बोलत होतात, पण हे नाही सांगितलंत. खरं आहे का हे?"

नासिर आरशातून मागे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

खलफाननं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"शब्द न शब्द खरा आहे," तो म्हणाला. "फक्त बायका अकरा नव्हत्या, नऊच होत्या. आणि त्यात सगळ्यांत पुढे होती, ती आमची दोघांची पणजी."