जावयाचा दात आणि पांढरा मका

जावई पहिल्यांदा धोंड्याच्या जेवणाला येणार, तर त्यांच्या पायांवर पाणी घालायला हापसा मीच हापसणार, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं होतं. ह्यात कुणाचा दात जाईल असं कुणाला वाटेल?

ही दोन हजार सातची गोष्ट. त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. आमची मंजुषा नुकतीच सासरी गेलेली. जावई ललितराव, अंबडच्या कंपनीत कामाला. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारसे द्यायचे, ही आपल्याकडची रीत. कलाबाई (म्हणजे आमची मंडळी) आठवडाभर त्याच कामात होती. तिचे अनारसे सगळ्या मखमलाबादेत नावाजलेले. जिभेवर ठेवला की विरघळतो.

मला कुणी काम सांगितलं नव्हतं. घरात काही मोठं असलं की मला काम सांगत नाहीत, कारण मी केलं की ते परत करावं लागतं. म्हणून हापसा मी मागून घेतला.

आता आमच्या हापशाचा दांडा स्वभावाने जरा वाईट. दाबून धरला तोवर बरा, मधेच सोडला की उसळून वर येतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक. जावयाला सांगायचं राहिलं.

ललितरावांनी पाय धुतले. साबण निसटून माझ्या पायाशी आला, तो घ्यायला ते दांड्यावर वाकले. नेमका तेव्हाच शेजारचा गेणू झेंडूचा टेम्पो घेऊन रस्त्याने चालला होता. त्याने राम राम घातला. राम रामाला हात न जोडणं माझ्याने होत नाही. मी दोन्ही हात जोडले.

दांडा वर आला. वरचा समोरचा दात मुळासकट खाली. जावई खरंच भला माणूस. तोंडाला उपरणं लावून म्हणतो कसा, "असू द्या मामा, लागलं नाही."

कलाबाई हळद घेऊन धावली. मंजुषा रडायलाच लागली. "आबा, मी सासूबाईंना काय सांगू? त्या म्हणतील, धडधाकट पोरगा दिला आन बोळका करून आणला."

तिचंही खरंच होतं. नवी सून, पहिलंच धोंड्याचं जेवण. माझा जीव थोडा थोडा झाला. आपणही काही केलं पाहिजे म्हणून मी दात उचलला, हापशाखाली स्वच्छ विसळला, आणि लहानपणापासून जे करत आलो तेच केलं. छपराकडे तोंड केलं, "जुना घे, नवा दे" म्हटलं आणि वर फेकला. (शेणाच्या गोळ्यात घालून फेकतात. पण शेण सापडलं नाही. तेवढं देवानेच वाचवलं.)

तोवर मंजुषाने मोबाइलवरून पंचवटीच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. मधेच तिने मान वर केली. "आबा, दात कुठंय? बाई म्हणत्यात, लवकर आणला तर परत बसतो. मुळाला हात लावायचा नाय, दुधात टाकून तासाच्या आत आणायचा."

मी छपराकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आबा, ललितराव काय सात वर्षांचे हायेत का?"

बरं, छपरावर दुसरं काही नसतं तरी ठीक होतं. पण आमचं छप्पर म्हणजे स्लॅब, आणि त्यावर कलाबाईने हरसूलच्या बाजारातून आणलेला पांढरा मका वाळत घातला होता. पाय ठेवायला जागा नाही. पांढऱ्या मक्याचा दाणा तुम्ही बघितला नसेल तर आरशात समोरचा दात बघा.

आम्ही तिघं भर उन्हात गुडघ्यांवर बसलो. मला चष्म्याशिवाय प्रत्येक दाणा ललितरावांचा वाटत होता. खालून जावई तोंडातल्या तोंडात विचारत होते, "मी येऊ का मदतीला?" वेळ चाललेला. शेवटी मी म्हटलं, निवडत बसू नका, जे जे दातासारखं दिसंल ते टाका तांब्यात. दुधाचा तांब्या कलाबाईने वर आणूनच ठेवला होता. टाकलं.

टेम्पो गेणूचाच, तो तेव्हापासून थांबलेला. पुढे गेणू आणि जावई, मागे झेंडूच्या क्रेटवर मंजुषा आणि मी, मांडीत तांब्या. प्रत्येक खड्ड्याला थोडं दूध झेंडूला मिळालं.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी ललितरावांना खुर्चीत घेतलं आणि तांब्या एका ट्रेमध्ये ओतला. मग चिमट्याने एक एक उचलायला लागल्या. मका. मका. हा पण मका. मंजुषाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. मग बाई थांबल्या, एक दाणा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा आपला." मंजुषाने हात सोडला. मीही श्वास सोडला.

पण बाई अजून ट्रेकडेच बघत होत्या. त्यांनी आणखी एक काहीतरी उचललं. काळपट, झिजलेलं. "आणि ही दाढ कुणाची?"

मी म्हटलं, "माझी. दिवाळीत पडलेली."

"ती छपरावर कशी?"

मी म्हटलं, "नवी येईल म्हणून फेकली होती. आलोच हाय तर हीसुद्धा बसवून देता का?"

बाईंनी चिमटा खाली ठेवला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. खांदे तेवढे हलत होते. जावई हसायला लागले तेव्हा मात्र त्यांनाच दम दिला, की अजून दात बसवायचाय.

दात बसला. शेजारच्या दातांना तारेने बांधला. बाई म्हणाल्या, वेळेत आणलात, धरेल. पण पंधरा दिवस कडक काही खायचं नाही. मग धोंड्याच्या जेवणाला जावयाने काय खाल्लं, तर वरणभात. तेहतीसच्या तेहतीस अनारसे डब्यात भरून घरी दिले.

निघताना ललितराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, घरी तुमचं नाव निघणार नाही." किती मोठं मन! त्यांनी शब्द पाळला. आईने तार बघून विचारलं तेव्हा समोर डबाच होता. ते म्हणाले, "अनारसा जरा कडक लागला."

दात धरला, आजही आहे. मंजुषाला कुणी शब्द बोललं नाही. पण विहीणबाईंनी डबा शेजारीपाजारी न वाटता गच्चीवर कावळ्यांपुढे नेऊन ठेवला, हे कलाबाईच्या कानावर आलं. तिला चार दिवस जेवण गेलं नाही. माझ्याशी तर ती महिनाभर फक्त हापशाबद्दल बोलली.

दिवाळीला विहीणबाई आल्या. कलाबाईने मला ओट्यावर त्यांच्या समोर बसवलं आणि हातात अनारसा दिला. "बघा विहीणबाई, ह्यांच्या तोंडात तीनच दात राह्यलेत, तरी हे कसे खात्यात." मी खाल्ला. सांगितल्यासारखं तोंडही उघडून दाखवलं.

विहीणबाईंनी चांगलं वाकून आत बघितलं. मग कलाबाईला विचारलं, "बाकीचे तुमच्या अनारशानंच गेले का?"

तेव्हापासून आमच्याकडे अनारसे होतात. मला मिळत नाहीत.