अर्ध्या मिनिटाची मुदत

जगातली निम्मी दुःखं वाट पाहण्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी वाट न पाहिल्यामुळे. हा विचार मला पुष्कळ वर्षांच्या चिंतनानंतर सुचला आणि मी तो सुपरफास्टच्या कोडखाली शेरा म्हणून लिहिला. तिने तो वाचला आणि खुर्ची फिरवून म्हणाली, "गुरुजी, सुविचार छान आहे. पण कोड पास की नापास?"

आमच्या ऑफिसात मी दुसऱ्यांचे कोड तपासतो. शाळेतले पेपर तपासल्यासारखे तपासतो, म्हणून गुरुजी. ती भराभर लिहिते, म्हणून सुपरफास्ट. या वेळचं काम तसं साधं होतं. मोबाइलवर बटण दाबलं की घरी प्लंबर यावा. त्यासाठी आमच्या प्रोग्रामने दुरुस्तीवाल्यांच्या कॉम्प्युटरला निरोप धाडायचा, 'माणूस पाठवा'. मग उत्तर येईपर्यंत प्रोग्राम दारात ताटकळत उभा राहत नाही. दुसरी कामं उरकतो, आणि 'पाठवला' असं आलं की गिऱ्हाइकाला कळवतो. खरा घोळ एवढाच, की उत्तर आलंच नाही तर थांबायचं किती? सुपरफास्टने मुदत ठेवली होती अर्ध्या तासाची.

"अर्धा तास?" मी म्हटलं. "तेवढ्यात गिऱ्हाईक स्वतः प्लंबर होईल. अर्ध्या मिनिटाची कर. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर निरोप सोडून द्यायचा आणि नवा पाठवायचा."

"सोडून द्यायचा म्हणजे? आपण ऐकणं सोडलं म्हणून पलीकडचं काम थोडंच थांबतं?"

"थांबणारच की. ऐकणारा नसेल तर काम करतील कुणासाठी?"

"घरी तुम्ही ऐकणं सोडलं की वहिनी बोलायच्या थांबतात?"

"विषय कोडचा चाललाय," मी म्हटलं.

तिला वाद घालायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. गाव लांब, आणि साहेबांनी सांगून ठेवलेलं की हे काम चालू झालं की सुट्टी, त्याआधी नाही. म्हणजे तिची बस माझ्या मंजुरीला बांधलेली.

"संध्याकाळची गाडी आहे, गुरुजी. आई म्हणते, तू नाही आलीस तर मी टेबलावर झोपायचीच नाही. लवकर बघा तेवढं."

मला कळत होतं. म्हणूनच मी ठरवलं, की तिचा कोड नुसता पास करायचा नाही, निर्दोष करून द्यायचा. मदतीला धावताना समोरच्याच्याच पायावर पाय देणारी काही माणसं असतात. मी त्यांतला.

कुणी मध्ये बोलायला नको म्हणून कानांवर हेडफोन चढवला. जेवण जागेवरच उरकलं. मुदत कमी केली, तिच्या अनावश्यक वाटलेल्या चार ओळी काढून टाकल्या. चाचणीसाठी वेगळी सोय साहेब करणार होते, ती अजून होत होती. म्हणून मी खऱ्या दुरुस्तीवाल्यांनाच निरोप पाठवला, आणि पत्ता घातला माझ्या घरचा, कारण तोच पाठ होता.

अर्धं मिनिट गेलं. उत्तर नाही. प्रोग्रामने निरोप सोडला, नवा पाठवला. तोही सोडला. हे इतक्या शिस्तीत चाललं होतं, की मी कवायत बघायला बसलेल्या पाहुण्यासारखा मागे रेलून बसलो. शेवटी पडद्यावर आलं, 'सेवा उपलब्ध नाही'. इतकं नेटकं अपयश मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला.

"अहो, तुम्ही प्लंबर बोलावला का?"

"छे. म्हणजे तसा बोलावला होता, पण ते रद्द झालं."

"रद्द झालेला सोफ्यावर बसलाय."

"परत पाठव त्याला."

"पाठवते कशाला? आयता आलाय तर स्वयंपाकघरातला नळ बदलून घेते."

तिचा पुढचा फोन आला तो दुसऱ्या प्लंबरबद्दल. पहिल्याचाच माणूस असेल असं समजून तिने त्यालाही आत घेतला होता. यानंतर जे झालं ते मी कोडमध्ये अनेकदा पाहिलं आहे, ओलं कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याने गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून नळ काढला. दुसरा बाथरूममध्ये गेला, तर तिथे पाणी नाही. हीच तक्रार असणार, असं समजून तो गच्चीवर गेला, व्हॉल्व्ह बंद सापडला, त्याने तो उघडला. दोघांचंही काम बरोबर होतं. फक्त ते एकाच वेळी चाललं होतं.

"अहो, भिंतीतून कारंजं उडतंय," बायको म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि तीच काळजीची गोष्ट होती. "आणि बेल वाजतेय."

"उघडू नकोस."

"उघडलं. हा तिसरा. हा म्हणतोय, गळती मोठी आहे."

मी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"तुमचा कॉम्प्युटर उत्तर का देत नाही?"

"कॉम्प्युटर कुठला देतोय? मी देते."

"म्हणजे?"

"निरोप आला की मी चष्मा लावून वाचते, मग प्लंबरला फोन करते. तो शिडीवर असला की उचलत नाही. उतरला की करतो. मग मी 'पाठवला' म्हणून लिहिते. आज तुमचा एकामागून एक निरोप. मला वाटलं, घर वाहून चाललंय. होते तेवढे सगळे पाठवले."

"काम एकच होतं हो. बाकीचे निरोप आम्ही सोडून दिले होते."

"मला नाही सांगितलंत ते."

वाट पाहणं सोडलं की आपल्याला मोकळं वाटतं. पण पलीकडे कुणीतरी चष्मा शोधत असतं, शिडीवरून उतरत असतं, आपल्याकडेच यायला निघालेलं असतं. त्याला 'आता नको' एवढं कळवायचं आपल्या मनात येत नाही, आणि वर आपण म्हणतो, सेवा उपलब्ध नाही.

"उरलेल्यांना परत बोलावता का?" मी विचारलं.

"बोलावते. जरा वेळ द्याल का पण?"

"हवा तेवढा घ्या."

मी सुपरफास्टचा मूळ कोड पुन्हा उघडला. मी काढलेल्या त्या चार ओळी नीट वाचल्या. मुदत संपली तर पलीकडे 'आता नको' असं कळवायचं, एवढंच त्यांत होतं. ओळी परत घातल्या, अर्धा तास परत घातला, माझा सुविचार तेवढा खोडला. तिला सांगायला वळलो तर खुर्ची रिकामी. चहाला गेली असेल. बसची वेळ होत आली होती. मी जवळजवळ पळतच साहेबांच्या खोलीत गेलो.

"कोड मंजूर आहे, साहेब. काहीही बदलायला नको. तिला आता सोडा, गाडी चुकेल."

"कुणाची?"

"सुपरफास्टची."

"ती दुपारच्याच गाडीने गेली," साहेब म्हणाले. "तुमचं उत्तर येईना, म्हणून जेवणाआधी मीच तो न तपासता चालू करून टाकला."

"मग दुपारभर मी काय तपासत होतो? मला सांगायचं तरी."

"राहिलं," साहेब म्हणाले.