रुमालाखालची चिंच

डॉक्टर देशमानेनं मला फसवलं. मला! बैलबाजारात पाणी वाटता वाटता उभ्या झाडांचा व्यापारी झालेल्या माणसाला, एका वटवाघळांच्या डॉक्टरनं!

हा माणूस भर उन्हात उलटी छत्री धरून चिंचेखाली उभा राहतो. वरून पडेल ते झेलतो आणि चिमट्यानं त्यातल्या बिया वेचतो. डॉक्टर म्हणून कुणी त्याच्याकडं शेळी आणली, तर त्यानं शेळीच्या पूर्वजांची हकिगत ऐकवली. शेळीवाला म्हणाला, "साहेब, पूर्वज बराबर होते. हिचंच पोट फुगलंय."

गोदाकाठची ती चिंच मी तोडायला घेतली, तर हा बुंध्याला टेकून बसलेला. वर वाघळांची भांडणं चाललेली.

"उठा डॉक्टर, झाड म्या घेतलंय."

"वाघळं गेली की तोडा."

"मला जल्दी हाय!"

"उत्क्रांतीला घाई नसते," हे त्याचं पालुपद. वर म्हणाला, "रुमाल काढा."

आमच्याकडं बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. तो मोडणाऱ्याला बाजारात पुन्हा कुणी हात देत नाही. उन्हाळा लागला की पाखरं उडतील, असा हिशेब करून, ती गेल्यावरच झाड तोडायच्या बोलीवर मी हात दिला.

मग माझी बोटं चाचपत तो म्हणाला, "वाघळाचा पंख म्हणजे हाच हात. बोटं लांबली, मध्ये कातडं आलं. ते पाखरू नाही, शेठ. पिलाला दूध पाजतं. आणि एकदा धरलेलं झाड पिढ्यान्‌पिढ्या सोडत नाही."

हे आधी सांगायचं असतं की नाही?

तीन वर्षं मी दर बाजारी भांडायला जायचो. "निघून राह्यले का न्हाई तुमचे पाव्हणे?"

"नाही. चहा घ्या."

एकदा वैतागून विचारलं, "घरदार न्हाई का तुम्हाला?"

"घर आहे. पण तिथं दिवसभर आवाज नसतो. इथं निदान भांडण तरी ऐकू येतं."

यंदा ऊन असं तापलं की वाघळं फांद्यांवरून गळून पडली. डॉक्टर ओली पोती घेऊन धावत होता. जगली ती उडून गेली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः माझ्या दुकानी आला.

"रुमाल काढा, शेठ. झाड तुमचं झालं."

मी हात दिला. त्यानं बोटं धरली ती सोडेचना. सौद्याला एवढा वेळ लागत नाही.

तेव्हापासून तो फिरकलेला नाही. चिंच उभीच आहे. कुऱ्हाडवाले आले की मीच शिव्या देऊन परत धाडतो, न जाणो, पाव्हणे परततील. माझ्यासारख्या व्यापाऱ्याची ही गत कुणी केली? डॉक्टर देशमानेनं चिंचेखाली येऊन जबाब द्यावा. चहा मी सांगतो.