शेवंतीच्या लग्नातली शांतता

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, आणि ते तिथं राहतं हे शेजारच्या जंगलांनाही ऐकू येत असे.

त्याचं नाव झिपरू. धंदा डीजेचा. डीजे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको, मुलांनो. तुमच्याही गल्लीत एखादा झिपरू असेलच. त्याच्याकडे एक गाडी होती. गाडीवर एकावर एक रचलेले कपाटाएवढे स्पीकर होते. गाडी ओढायला दोन रेडे होते. दोघेही ठार बहिरे होते, म्हणूनच नोकरीत टिकले होते. गाडीच्या मागं पाटी होती : ‘लग्न, मुंज, बारसे, वाढदिवस व निवडणुकीतील विजय यांसाठी आवाज करून मिळेल.’

झिपरू भरदुपारी काळा चष्मा लावायचा. स्पीकरच्या कडेकडेनं काजवे बसवायचा. उन्हात काजवे कुणाला दिसत नसत. पण लायटिंगशिवाय पॅकेज पुरं होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मग तो माइक तोंडाशी धरून ओरडायचा, "हॅलो, हॅलो, चेक! बाजूला व्हा, वरमाईला नाचायचंय!" आणि बटण फिरवायचा.

त्यानंतर जे व्हायचं त्याला झिपरू गाणं म्हणायचा. ऐकणाऱ्याला नुसतं ढ्यांग ढ्यांग कळायचं. झाडावरची कच्ची फळं खाली पडायची. सशांच्या छातीत धडधडायचं. माझ्याही धडधडायचं, खोटं कशाला बोलू? मला झिपरूचा आवाज कधीच आवडला नाही. पण झिपरू मनानं साधा होता. आपण मोठे कलावंत आहोत, एवढा एकच त्याचा गैरसमज होता.

बिदागी म्हणून तो मध घ्यायचा. लग्नघरानं मडक्यात भरून दिलेला, गाळलेला मध. कारण अस्वल असूनही झिपरूला मधमाश्यांची भारी भीती वाटायची. डीजे चालत होता म्हणून त्याला पोळ्याच्या वाटेला जावं लागत नव्हतं. त्याचं सगळं पोट त्या स्पीकरांवर होतं.

आता या जंगलाची एक मोठी ख्याती होती. इथं लग्न कधी मोडत नसे. मांडवात भांडण नाही, रुसवाफुगवा नाही, मानपानाची कटकट नाही. व्याही व्याह्याकडे बघून हसायचा. विहीण विहिणीचे खूर प्रेमानं हातात घ्यायची. म्हातारी जनावरं माना डोलवून म्हणायची, "ही आपल्या रानाची संस्कृती!"

याच जंगलात दिवाभीतराव नावाचं एक घुबड होतं. ते रात्रभर जागून विचार करायचे आणि दिवसा झोपायचे. लग्नं दिवसा लागायची. तेव्हा त्यांचं आणि झिपरूचं पटणं कठीणच होतं. एका दुपारी झिपरूनं बटण फिरवलं आणि दिवाभीतराव ढोलीतून थेट जमिनीवर आले. पिसं झटकत ते तसेच सिंहाच्या दरबारात गेले.

"महाराज," दिवाभीतराव म्हणाले, "लग्न हा संस्कार आहे. पाहुण्यारावळ्यांनी भेटावं, चार शब्द बोलावेत, एकमेकांचं ऐकावं. या अस्वलापायी कुणाचा शब्द कुणाला ऐकू येत नाही. ही काय रीत झाली?"

सिंहाला ते पटलं. जेवणाआधी सिंहाला काहीही लवकर पटायचं. त्यानं हुकूम काढला : यापुढे लग्नात डीजे वाजला, तर स्पीकर नदीत बुडवले जातील.

हुकूम ऐकून झिपरू धावतच दरबारात आला.

"मग मी खाऊ काय, महाराज?"

"मधाची पोळी लटकताहेत की झाडाझाडावर," दिवाभीतरावच मध्ये बोलले. "अस्वलासारखं अस्वल तू. हात घाल आणि खा."

झिपरू बाहेर आला. गाडी घेऊन निघून गेला. दिवाभीतराव त्या दिवशी गाढ झोपले.

हुकुमानंतरचं पहिलं लग्न निघालं ते सर्जेराव सांबराच्या घरी. त्याची मुलगी शेवंती. नवरदेव वरच्या रानातला, भैरू नावाचा. खारी माती चाटायला दोघंही एकाच खडकाशी यायची. चाटता चाटता ओळख झाली, आणि तिथंच जमलं. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण मांडवात ही गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवाला आंब्याच्या डहाळ्या लावल्या होत्या. सिंह प्रमुख पाहुणा म्हणून पुढच्या रांगेत बसला. दिवाभीतराव झोप मोडून आशीर्वाद द्यायला आले. बगळेगुरुजी एका पायावर डोळे मिटून उभे राहिले. दोन वानरांनी अंतरपाट धरला. अलीकडे शेवंती, पलीकडे भैरू.

सगळीकडे शांतता होती. पानांची सळसळ ऐकू येत होती. लांबच्या ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येत होतं.

"काय प्रसन्न वाटतंय नाही?" दिवाभीतराव म्हणाले.

हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. मग त्याच्यानंतरची वाक्यंही ऐकू जायला लागली.

भैरूची आई, म्हणजे वरमाई, आपल्या बहिणीच्या कानाशी लागली. ती प्रत्येक लग्नात लागायची. "मुलगी बरी आहे म्हणायची," ती म्हणाली, "पण खूर बघितलेस का? परातीएवढे!"

सर्जेरावाची मान गर्रकन वळली. "विहीणबाई, काही म्हणालात?"

वरमाई दचकली. असली वाक्यं तिनं मांडवामांडवांतून ढिगानं टाकली होती. आजवर एकालाही उत्तर आलं नव्हतं. पण माघार घेईल ती वरमाई कसली?

"म्हणाले, खूर मोठे आहेत. आहेत ते आहेत. त्यात रागवायचं काय?"

"मोठे खूर चिखलात रुतत नाहीत," सर्जेराव म्हणाला. "तुमच्या चिरंजिवांच्या शिंगाला एक फाटा कमी आहे. आम्ही काही बोललो?"

"बोललात की आत्ता!"

भैरूचे मामा समजूत घालायला पुढं आले. समजूत घालायला मामा आले की भांडण हमखास वाढतं. "जाऊ दे गं ताई," मामा म्हणाले. "सकाळच्या नाश्त्यालाच घराणं कळलं होतं. उपिटात मीठ नाही की काही नाही."

"मीठ नव्हतं, तर पुन्हा पुन्हा वाढून कशाला घेत होता?" शेवंतीची आई तिकडून म्हणाली. "आमच्या वाढप्याचा हात दुखून आला!"

मग काय विचारता! आहेराचं निघालं. मागच्या लग्नात कुणाला मानाचा फेटा बांधायचा राहिला होता, ते निघालं. वरमाईच्या अंगावरची शाल किती लग्नं फिरून आली आहे, तेही निघालं. बरं, भांडण सांबरांपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण शांतता सगळ्यांसाठीच होती. रानडुकरांना माकडांचं बोलणं ऐकू आलं. माकडांना सायाळीचं ऐकू आलं. मागच्या रांगेतला एक ससा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "महाराज नुसते जेवायला येतात. आहेर कधी आणलेला पाहिला नाही."

सिंहानं आयाळ सारखी केली आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. पण त्यानं ऐकलं होतं. त्याला वाईटही वाटलं, कारण ते खरं होतं.

बगळेगुरुजींनी एक डोळा उघडला. "मंगलाष्टकं सुरू करू का? मुहूर्त टळतोय."

"कसलं मंगल आणि कसली अष्टकं!" वरमाई कडाडली. "भैरू, चल घरी. हे लग्न होणार नाही."

"आम्हालाच करायचं नाही!" सर्जेराव गरजला.

अंतरपाटाच्या अलीकडे शेवंतीचे डोळे भरून आले. मला त्या पोरीची फार दया आली. खुरांचं तिला काही वाटलं नव्हतं. पण भैरू आता निघून जाईल आणि खारी माती एकटीनं चाटावी लागेल, याचं फार वाटलं. तरी पोर हुशार. तिनं अंतरपाटाखालून पलीकडे मान घातली.

"भैरू, ऐक." अजून लग्न लागलं नव्हतं, म्हणून ती त्याला नावानं हाक मारू शकत होती. "माझ्या ताईच्या लग्नाला तू आला होतास. तिथं कुणी भांडलं होतं का रे?"

"नाही बुवा. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते."

"माणसं तर हीच होती. तेव्हा काही बोललीच नसतील, असं वाटतं तुला?"

भैरूनं विचार केला. सांबरांना विचार करायला वेळ लागतो, पण त्या दिवशी त्याला लवकर सुचलं.

"बोलली असतील," तो म्हणाला. "पण झिपरूकाका वाजवत होते."

"मग उभा काय राहिलास? पळ!"

भैरू मुंडावळ्यांसकट पळाला. "नवरदेव पळाला!" अशी एकच बोंब उठली. तो कुणामुळे पळाला, यावरून मग नवं भांडण लागलं. तेही सगळ्यांना नीट ऐकू येत होतं.

झिपरू गाडी शेजारी उभी करून पोळ्याच्या झाडाखाली बसला होता. त्यानं पोळ्यात हात घालून पाहिला होता. त्याचं नाक सुजून भोपळा झालं होतं. डोळे बारीक झाले होते. मध मिळाला नव्हता.

"झिपरूकाका, चला! गाडी जोडा!"

"नको रे बाबा," झिपरू म्हणाला. "महाराज स्पीकर बुडवतील. दुसरं आहे काय माझ्याजवळ? आणि खरं सांगू? माझी कला या रानात कुणाला कळलीच नाही."

"काका, तुम्ही नाही तर मांडवात कुणाला चैन पडेना. सगळे नुसते ओरडताहेत."

झिपरूचा सुजलेला चेहरा उजळला. "ओरडताहेत? माझ्यासाठी?"

भैरूला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला.

झिपरूनं स्पीकरांवरची धूळ पुसली. प्रत्येकावरून हात फिरवला. एखाद्यानं लेकरांना निरोप द्यावा तसा. "बुडवले तर बुडवले," तो म्हणाला. "फर्माईश आल्यावर कलावंतानं घरी बसू नये. कोणतं लावू? एखादं हळुवार, मनाला भिडणारं लावतो."

"नको, नको!" भैरू घाईघाईनं म्हणाला. "सगळ्यात मोठं लावा!"

गाडी मांडवाच्या तोंडाशी आली, तेव्हा वरमाई उभी राहून म्हणत होती, "आणि या मुलीच्या आजीबद्दल तर मी बोलतच नाही, ती..."

ढ्यांग!

पुढचं वाक्य कुणालाही ऐकू आलं नाही. सर्जेरावाला फक्त तिचे हलणारे ओठ दिसले. मांडवात ओठ हलताना दिसले की हसायचं आणि मान डोलवायची, ही त्याची जन्माची सवय. तो हसला. त्यानं मान डोलवली.

वरमाईला वाटलं, यानं सगळं ऐकून घेतलं आणि कबूलही केलं. तिचा राग तिथल्या तिथं उतरला.

मग सर्जेराव हसत हसतच म्हणाला, "तुमच्यासारखी कजाग बाई सात रानांत शोधून सापडायची नाही!"

वरमाईला वाटलं, जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणतोय. "अहो, जेवूनच जाणार!" ती म्हणाली, आणि तिनं पुढचे खूर जोडले.

मामा शेवंतीच्या आईला काहीतरी म्हणाले. शेवंतीची आई मामांना काहीतरी म्हणाली. दोघंही लाजली. बगळेगुरुजींची चोच उघडझाप होत होती. ती मिटली तेव्हा सगळ्यांनी अंदाजानं अक्षता टाकल्या. अंतरपाट खाली आला. भैरूनं शेवंतीच्या गळ्यात हार घातला, तिनं त्याच्या घातला. तिचे डोळे अजून ओले होते, पण ती हसत होती.

दिवाभीतराव मात्र फडफडत सिंहाच्या पुढ्यात येऊन उतरले. "महाराज! तुमचा हुकूम! तुमच्या डोळ्यांदेखत!" असं काहीतरी ते ओरडत असावेत. झिपरूचं सगळं लक्ष सिंहाकडे होतं. त्याचा पंजा बटणावरच होता.

सिंहानं स्पीकरकडे पाहिलं. मग मागच्या रांगेतल्या सशाकडे पाहिलं. ससा शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता. काय सांगत होता, ते सिंहाला ऐकू आलं नाही. त्याला एकदम बरं वाटलं. त्यानं पंजा उचलला. सगळ्या मांडवानं श्वास रोखला.

सिंहानं पंजा वर वर नेला. आवाज अजून वाढव, अशी ती खूण होती.

दिवाभीतराव तरी काय करणार? ते खुर्चीवर चढले आणि आपल्या रानाच्या संस्कृतीवर त्यांनी मोठं भाषण केलं. भाषण संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या भाषणाला याआधी कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. तेव्हापासून ते एकही लग्न चुकवत नाहीत.

लग्नानंतर एका सकाळी झिपरू शेवंती-भैरूच्या घरी आला. नाकाची सूज उतरली होती. सर्जेरावानं दिलेलं मधाचं मडकं काखोटीला होतं. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसला. शेवटी लाजत लाजत म्हणाला, "मनापासून सांगा हं. तुमच्या लग्नात मी कितीतरी गाणी वाजवली. त्यातलं कोणतं आवडलं?"

भैरूनं शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीनं भैरूकडे पाहिलं.

"ते सगळ्यात मोठं होतं ना, काका," शेवंती म्हणाली, "ते."

झिपरूच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "इतकी वर्षं वाजवतोय," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकलं."

तात्पर्य : दोन घरांत गोडी नांदावी असं वाटत असेल, तर एकमेकांचं म्हणणं कधीही ऐकून घेऊ नये. तेवढ्यातूनही शांतता पसरलीच, तर वेळ न दवडता अस्वल बोलवावं.