घर तुझंच आहे, फक्त…

फाटकाच्या कडीवर नानांचा जेवढा जीव होता, तेवढा माणसांवर असता तर आमच्या आळीत त्यांना कोणी नावं ठेवली नसती. पोस्टमन येवो, गॅसवाला येवो, लग्नाची पत्रिका घेऊन जोडपं येवो, नानांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कडी लावलीस?" या-बसा त्यानंतर. एकदा तर आळीतल्या मयताला निघालेले नाना अर्ध्या वाटेतून परत फिरले. कडी बघायला! कडी नसली की गुरं वाडीत शिरतात आणि केळीचे कोंब खातात, हे त्यांचं म्हणणं. खरंच आहे ते. पण मयताच्या दिवशी?

आगाशीला आमची वाडी आणि त्यांची वाडी लागून. काकू गेल्यापासून नाना एकटेच. मुलगा प्रकाश कॅनडात शिकायला गेला आणि तिकडचाच झाला.

मी तेव्हा विरारच्या एका कॉलेजात शिकवत होते. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आज मी रिटायर आहे, पण त्या वर्षांचा थकवा अजून अंगातून गेलेला नाही. पेपर तपासा, गॅदरिंग बघा, घरी येऊन भात टाका. त्यात एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, जर्मनीहून एक मुलगी येतेय, वर्षभर शिकायला. तिला चांगल्या मराठी घरात ठेवायचंय. तुम्ही आगाशीच्याच ना?" आमच्या कॉलेजात 'तुम्ही तिकडच्याच ना' म्हटलं की काम गळ्यात पडलंच समजायचं.

मी घरोघर फिरले. सगळ्यांनी चहा पाजला, घर कोणीच दिलं नाही. शेवटी कुंपणापलीकडून नानाच ओरडले, "आण गो माझ्याकडे. माडीवरची खोली रिकामीच आहे." एकट्या म्हाताऱ्याच्या घरी पोरगी कशी ठेवायची, म्हणून माझी आई सोबतीला तिकडे झोपायला जाऊ लागली. पहिल्याच सकाळी ती फणफणत परत आली. नानांनी तिला उशी कुठे ठेवायची ते शिकवलं होतं.

मुलीचं नाव क्लारा. नानांनी उंबरठ्यावरच तिची 'कला' करून टाकली. मराठी न येणाऱ्या माणसाशी मोठ्याने मराठी बोललं की त्याला समजतं, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. त्यामुळे त्यांचा संवाद आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचा.

"कला, घर तुझंच आहे! फक्त फाटकाची कडी लावायची!"

"घर तुझंच आहे! फक्त ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा नाही!"

विहिरीच्या काठावर बसून वाचायचं नाही. केस मोकळे सोडून चुलीकडे यायचं नाही. सडकं-कुजकं काही ठेवायचं नाही, चिलटं होतात. घर तिचंच होतं, फक्त त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत पोरगी मराठी शिकली, पण ती सगळी नकारार्थी. कॉलेजच्या जिन्यात कोणी घाईने उतरताना दिसलं की ती गंभीरपणे म्हणायची, "धावायचं नाही." मुली हसून हसून लोळायच्या.

थंडी सुरू झाली तशी क्लारा माझ्याकडे आली. डोळे लाल झालेले. इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, नाना वाईट नाहीत. पण त्यांना मी आवडत नाही. मी दुसरीकडे जाते." ही तिची पहिली वेळ नव्हती. आधीही आली होती, तेव्हा मी समजूत काढून पाठवलं होतं. आता माझ्यातही समजूत काढायचं त्राण नव्हतं. विरारमध्येच फुलपाड्याला आमच्या कॉलेजच्या दोन मुली फ्लॅट घेऊन राहत होत्या, त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या. रविवारी क्लाराने जायचं ठरलं, आणि नानांना सांगायचं मी. म्हणजे परत मीच.

शनिवारी मी उशिराच उठले. नाना सकाळीच काही कामाने विरारला गेले होते. क्लाराला वाटलं, जाण्याआधी घर नीट आवरून ठेवावं. तिने ओटा घासला, माडी झाडली आणि मग अंगणात आली. तिथे मांडवावर नानांची सुकेळी वाळत होती.

सुकेळी हा आमच्याकडचा थंडीचा उद्योग. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात घालायची. संध्याकाळी केळीच्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी परत उन्हात. असं आठवडाभर. शेवटी ती काळपट, सुरकुतलेली, चिकट होतात आणि लागतात अगदी मधासारखी. पण ज्याला ठाऊक नाही, त्याला काय दिसणार? सडकी केळी. आणि सडकं-कुजकं ठेवायचं नाही, हा तर नानांचाच नियम! पोरीने सगळा मांडव टोपलीत भरला आणि कुंपणावरून आमच्या म्हशीपुढे ओतला. म्हैस दोन दिवस माझ्याशी कमालीच्या मायेने वागली.

मी गोठ्यात गेले तेव्हा म्हैस शेवटचं सुकेळं चघळत होती. मी कपाळावर हात मारला. क्लाराला ती काय होती ते सांगितल्यावर ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तेवढ्यात घरी परतलेल्या नानांचा कुंपणापलीकडून आवाज आला, "कडी लावलीस?" मग शांतता. मांडव दिसला असणार.

मी तिला घेऊन तिकडे गेले. नाना झोपाळ्यावर बसले होते, पाय जमिनीला टेकवून. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. आता आभाळ फाटणार, असंच वाटलं.

"म्हशीने खाल्ली?" नाना म्हणाले.

"हो."

"सगळी?"

"सगळी, नाना."

"मग बरं झालं. कोणीतरी खाल्ली."

ते उठले आणि त्यांनी फडताळ उघडलं. आत डबेच डबे. गेल्या वर्षीची सुकेळी, त्याच्या आदल्या वर्षीची. काही इतकी कडक झालेली की दात पडावा. "प्रकाशला आवडायची," ते म्हणाले. "तुझी काकू करून पाठवायची. आता तो म्हणतो, पाठवू नका, पोरं खात नाहीत. मला साखर आहे, मी खाऊ शकत नाही. पण हंगाम आला की हात गप्प बसत नाहीत गो."

मला इतकं भरून आलं की फुलपाड्याचंही तिथेच तोंडातून निघून गेलं. कला उद्या चाललीय, म्हटलं.

नाना बराच वेळ डब्याचं झाकण बसवत राहिले. ते बसलेलंच होतं.

"मी ओरडतो म्हणून?"

मी मान डोलावली.

"प्रकाश गेला तेव्हा तिकडे एका घरात राहायचा," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "तिथली म्हातारी त्याला फार ओरडायची. बूट बाहेर काढ, दिवा बंद कर. पोरगा फोनवर रडकुंडीला यायचा. मला राग यायचा. तुझी काकू म्हणायची, ओरडते ना, मग काळजी नको. पाहुण्याला कोण ओरडतं? घरच्याला ओरडतात."

क्लाराला बरंचसं कळलं होतं, उरलेलं मी इंग्रजीत सांगितलं. तिने डोळे पुसले आणि ती तरातरा बाहेर गेली. मला वाटलं, बॅग भरायला गेली. मी मनातल्या मनात रिक्षावाला शोधायला लागले. तर बाहेरून खणखणीत आवाज आला.

"सुमन मॅडम! कडी लावायची!"

येताना मी फाटक उघडंच टाकलं होतं.

फुलपाड्याच्या मुलींना मी निरोप पाठवला. त्या थंडीत सुकेळी पुन्हा घातली गेली, आणि मांडवाजवळ क्लारा राखण करत बसायची. आमच्या म्हशीकडे ती फार संशयाने बघायची. नानांचं ओरडणं तसूभर कमी झालं नाही. पण आता तीही ओरडायची. साखर असून चहात साखर घालता? आई म्हणायची, मी मेले तरी चालेल, पण या दोघांचा गलका नको. आणि जायची मात्र रोज.

मे महिन्यात क्लारा परत निघाली. फाटकाशी टॅक्सी उभी. तिच्या हातात सुकेळ्यांचा डबा, नानांनी दोरीने करकचून बांधलेला. ती पाया पडली.

"कला, घर तुझंच आहे," नाना म्हणाले. "फक्त…"

आम्ही वाट बघत राहिलो. क्लारा वाट बघत राहिली. ज्या माणसाला उशीसाठीही नियम सुचायचा, त्याला काही सुचेना. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. नानांनी नुसताच हात हलवला.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली. मी सवयीने फाटक ओढलं आणि कडीला हात घातला.

"राहू दे, सुमन," नाना म्हणाले.

"अहो नाना, गुरं शिरतील."

"शिरू देत."